ळ काढताना

सिव्हिलच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे माणसं आपलीच बोटं परत शिकायला येतात,
बोरस्ते मॅडम दर मंगळवारी असतात.
डॉक्टर आहेत, पण गणिताच्या.
पहिल्या दिवशी मी शर्टाची बटणं काढायला लागलो
तर हसल्या. म्हणाल्या, गांगुर्डेकाका,
मला नुसता हात हवाय.

नुसता हात!
चाळीस वर्षं मेनरोड, भद्रकाली, पार सातपूरपर्यंत
दुकानांना नावं दिली ती ह्यानंच.
पिंपळगावच्या पेट्यांवर द्राक्षांचे घड काढले,
एकेका मण्याला एकेक चमक.
मग गेल्या पौषात डोक्यात रक्ताची एक गुठळी अडकली
आणि हा माझ्याशेजारी
न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

काचेची पाटी, वायरीचं पेन.
काहीही काढा, म्हणाल्या.
मी ळ काढला.
दूधबाजारातले लतीफ पेंटर पोराला ळ वरच पारखायचे.
एका दमात दोन पोटं, ब्रश उचलायचा नाही,
उचललास तर चहा आणायला जा.
मी वर्षभर चहा आणला.

पडद्यावर हिरवी रेघ उमटली,
चांदवडच्या डोंगरांसारखी वरखाली.
हा तुमचा वेग, मॅडम म्हणाल्या.
वळण आलं की हात मंदावतो,
आणि किती, ते ठरलेलं असतं.
वळण आठपट आवळलं की वेग निम्मा.
तुमचाच नाही, सगळ्यांचा.

म्हटलं, रिक्षाही द्वारकेच्या वळणावर मंदावते.
तिला टायर सांभाळायचे असतात, काका.
हवेत बोट फिरवलं तरी ते मंदावतं.
हवेत कुठे घसरणार?

मग हातातली बांगडी काढून ट्यूबलाइटखाली धरली.
टेबलावर गोल सावली.
बांगडी तिरकी केली, सावली लांबोळी झाली.
एक भूमिती अशी आहे, त्या म्हणाल्या,
जिला ह्या दोघींतला फरकच दिसत नाही.
ती लांबी विचारत नाही, कोन विचारत नाही,
विचारते फक्त, जागा किती घेतली.
तिच्या फुटपट्टीनं मोजलं
तर हात कुठेच मंदावत नाही,
सबंध ळ एका चालीनं जातो.
मला वाटतं, मेंदूच्या खिशात तीच फुटपट्टी आहे.

वाटतं?
हो, बारा वर्षं वाटतंय. अजून वाटतंच.
बांगडी परत चढवताना ती जरा अडकली.

माझ्या ळ चं पहिलं पोट फुटलं होतं,
दुसरं भलतीकडेच निघून गेलेलं.
लतीफचाचांनी गल्लीभर चहा वाटायला लावला असता.
पण मॅडम पडद्याला नाक लावून बघत राहिल्या:
बघा, दऱ्या जागच्या जागी आहेत.
अक्षर मोडलंय. वळण शाबूत आहे.

वळण नाही कार्ट्याला, असं मास्तर म्हणायचे वहीवरून,
आणि आई बाकी सगळ्यावरून.
दोघांना हा पडदा दाखवायचा राहिला.

शुक्रवारी रविवार कारंज्याकडून येताना
पिंगळे हार्डवेअरवरचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटलेला दिसला,
आतून माझा बोर्ड डोकावत होता, शहाऐंशी सालचा.
प गेला होता, ग ची दांडी गेली होती,
सरळ रेघा सगळ्या उन्हानं खाल्लेल्या.
ळ मात्र तसाच होता, लालभडक.
ब्रश तिथे रेंगाळला असणार,
रंग जाड बसला असणार.

मॅडमना हे सांगायला हवं.
मंगळवारला अजून चार दिवस.
बसस्टॉपवर डाव्या हातानं उजवं मनगट धरलं
आणि हवेत एक काढून बघितला, सावकाश.
शेजारची बाई पिशवी उचलून
जरा पलीकडे सरकली.